स्टेंट घालण्याआधी चित्रं काढून घ्या

वाचकाचं पत्र : डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही कराडजवळच्या गावचे. माझे वडील, आप्पा, ६६ वर्षांचे आहेत. पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. दीड महिन्यापासून त्यांना कावीळ आहे. पोटात दुखत नाही, पण अंगाला खाज इतकी सुटते की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. आधी काविळीची माळ घातली, पंधरा दिवस पाल्याचं औषध घेतलं, तरी कावीळ वाढतच गेली. बिलिरुबिन १४ आलं. सोनोग्राफीत ‘यकृतातल्या पित्तनलिका फुगलेल्या, पित्ताशय आकसलेलं, खडा नाही’ असं लिहिलंय. साध्या सीटी स्कॅनमध्ये ‘गाठ स्पष्ट दिसत नाही’ असं आलं. एका दवाखान्यात म्हणाले, उद्याच दुर्बिणीतून पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, टाकू, कावीळ उतरेल. दुसरे डॉक्टर म्हणतात, पित्तनलिकेचा कॅन्सर असू शकतो. आधी तीन टप्प्यांचा सीटी आणि एमआरसीपी करा, मग लागलं तर दुर्बिणीची सोनोग्राफी, नलिकेतून ब्रश, पेट स्कॅन. मामा म्हणतात, हे सगळं बिल वाढवायचं काम आहे, करायचंच तर एकदाच पेट करा, त्यात सगळं दिसतं. बहीण म्हणते, आप्पांना यातलं काही कळू देऊ नका. आम्ही काय करावं?

उत्तर : आधी तातडीचं सांगते. आप्पांना थंडी वाजून ताप आला, बोलण्यात गोंधळ व्हायला लागला, लघवी कमी झाली किंवा उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, तर पुढचं वाचत बसू नका. त्याच रात्री, जिथे पित्तनलिकेची दुर्बीण होते अशा मोठ्या रुग्णालयात त्यांना न्या. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले की ते रक्तात उतरायला वेळ लागत नाही. अशा वेळी पित्ताला वाट करून देणं हाच पहिला उपचार, स्कॅन नंतर.

तसं काही नसेल, आप्पा थोडंफार खात असतील, हिंडत असतील, तर मी दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूची आहे. आधी तीन टप्प्यांचा सीटी आणि एमआरसीपी, मग स्टेंट. मी पंचवीस वर्षं ही चित्रं वाचते आहे, आणि या आजारात तपासण्या किती केल्या यापेक्षा त्या कोणत्या क्रमाने केल्या यावर पुढचं बरंच अवलंबून असतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

माळेबद्दल तुम्हाला बोल लावणार नाही. विषाणूमुळे होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण उतरते. तेवढ्यात माळही लांबत लांबत खाली येते, त्यामुळे घरोघरी तसा अनुभव असतो. आप्पांची कावीळ त्या जातीची नाही. ही वाट अडल्याची कावीळ आहे. यकृत पित्त बनवतंय, पण ते आतड्यात पोचत नाही, मागे फिरून रक्तात जातंय. खाज त्याचीच. लघवी गडद आणि शी पांढुरकी, मातकट होत असेल तर तीही त्याचीच खूण. त्यांना एकदा विचारा, घरातले पुरुष हे आपण होऊन सांगत नाहीत.

आता अडथळा कुठे आहे ते बघू. तुम्ही कराडकडचे आहात म्हणून सोपं जाईल. कृष्णा आणि कोयना प्रीतिसंगमावर समोरासमोर येऊन भेटतात आणि मग एक नदी होऊन वळतात. यकृताच्या उजव्या आणि डाव्या भागातून येणाऱ्या दोन पित्तनलिका यकृताच्या दारातच साधारण अशाच भेटतात आणि एक होऊन खाली उतरतात. थोडं खाली पित्ताशयाची नळी बाजूने येऊन मिळते, आणि मग ही मुख्य नलिका स्वादुपिंडातून जात लहान आतड्यात उघडते. अडथळा तळाशी असला तर पित्ताशयही फुगतं. तुमच्या रिपोर्टमध्ये ते आकसलेलं आहे आणि यकृतातल्या फांद्या मात्र फुगलेल्या. म्हणजे बहुधा पित्ताशयाचा फाटा मिळण्याच्या वर, संगमाच्या आसपासच काहीतरी अडलंय. साध्या सोनोग्राफीने एवढं सांगितलं, ही काही कमी गोष्ट नाही. खडा दिसला नाही, दुखत नाही, वय ६६. म्हणून कॅन्सरची शंका घेणं हे त्या डॉक्टरांचं कर्तव्यच होतं.

पित्तनलिकेचे निम्म्याहून जास्त कॅन्सर याच संगमापाशी होतात. अमेरिकेतले डॉक्टर जेराल्ड क्लॅटस्किन यांनी १९६५ साली अशा १३ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं, म्हणून रिपोर्टमध्ये ‘क्लॅटस्किन ट्यूमर’ असा शब्द तुम्हाला दिसू शकेल. नाव वाचून घाबरू नका, तो जागेचा पत्ता आहे.

‘गाठ स्पष्ट दिसत नाही’ हे वाक्य वाचून तुम्हाला हायसं वाटलं असेल, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. कॅन्सर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लिंबाएवढी गाठ येते. हा कॅन्सर पुष्कळदा गाठ धरतच नाही. तो नलिकेच्या भिंतीतून, भिंतीच्या कडेकडेने पसरतो, भिंत जाड करतो आणि आतली वाट चिमटीत धरल्यासारखी बारीक करतो. ती भिंत मुळात किती? निरोगी माणसाची मुख्य पित्तनलिकाच साधारण ६ मिलिमीटर रुंद, आणि तिची भिंत एखाद-दीड मिलिमीटरची. त्या भिंतीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक शोधायचा आहे. साध्या सीटीत तो न दिसणं यात कुणाची चूक नाही आणि त्यावरून सुटलो असंही समजता येत नाही.

म्हणूनच तीन टप्प्यांचा सीटी. हातातल्या शिरेतून औषध सोडतात आणि ते आधी धमन्यांत, मग यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत पोचलं की त्या त्या वेळी चित्र घेतात. शेवटचं चित्र काही मिनिटं थांबून घेतात. या कॅन्सरमध्ये तंतूंचा भाग फार, त्यामुळे तो औषध सावकाश ओढून घेतो आणि उशिरा उजळतो. ते शेवटचं चित्र काढलंच नाही, तर नेमका तोच पुरावा हातचा जातो. सीटीचं दुसरं काम त्याहून मोलाचं आहे. नलिकेला लगटून यकृताची धमनी आणि मोठी शीर जातात. कॅन्सरने त्यांना वेढलंय का, यकृताचा एखादा भाग सुकलाय का, उद्या अर्धं यकृत काढावं लागलं तर मागे पुरेसं उरेल का, हे सर्जनला सीटीच सांगतो. या स्कॅनच्या आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, करून घ्या, आप्पांना मधुमेह असेल तर त्यांच्या गोळ्यांची यादी दाखवा. काविळीत मूत्रपिंडं नाजूक झालेली असतात, त्यांना पाणी कमी पडू देऊ नका.

एमआरसीपी म्हणजे एमआरआयच, पण त्याची मांडणी अशी केलेली असते की साचून राहिलेलं द्रव तेवढं पांढरंशुभ्र दिसावं आणि बाकी सगळं काळं पडावं. पित्त हे साचलेलं द्रव. त्यामुळे पडद्यावर काळ्या आभाळावर पांढरं झाड उगवावं तशी सगळी पित्तनलिका उभी राहते, खाली खोड, वर दोन मोठ्या फांद्या, त्यांना डहाळ्या. आप्पांसारख्या रुग्णात त्या डहाळ्या जाड, टरारलेल्या असतात, खोड बारीक असतं, आणि मधेच एका जागी झाड तुटलेलं दिसतं. मी सगळ्यात जास्त वेळ त्या तुटलेल्या जागेकडे बघते. पांढरी रेघ टोकाशी हळूहळू निमुळती होत गेली आहे की कुऱ्हाडीने तोडावी तशी अचानक संपली आहे? उजवी-डावी फांदी अजून एकमेकींना भेटतात की त्यांची ताटातूट झाली आहे? अडथळा उजवीकडच्या दुसऱ्या फाट्यापर्यंत चढलाय की अलीकडेच थांबलाय? शस्त्रक्रिया होऊ शकते की नाही हे पुष्कळदा त्या एका सेंटिमीटरवर ठरतं.

आता स्टेंटची घाई का नको, ते सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते. कावीळ झाली आणि तिसऱ्या दिवशी स्टेंट पडला, घरच्यांना बरं वाटलं. तीन आठवड्यांनी ते एमआरसीपीला आले तेव्हा पित्त वाहून गेल्यामुळे फांद्या मिटलेल्या होत्या. नळीच्या घासण्याने भिंत सुजून जाड झाली होती. नळीसोबत नलिकेत हवा शिरली होती, तिच्या काळ्या सावल्या चित्रभर पसरलेल्या. जाड भिंत कॅन्सरची की सुजेची, हे मला सांगता येईना. तसं रिपोर्टमध्ये लिहिताना मला फार वाईट वाटलं, कारण महिनाभर आधी तेच चित्र लख्ख मिळालं असतं. त्यांचा पुढचा दीड महिना शंकानिरसनात गेला.

आणखी एक गोष्ट आहे. संगमावरच्या अडथळ्यात कोणत्या बाजूचा निचरा करायचा हे आधी ठरवावं लागतं. सर्जन जो भाग मागे ठेवणार, तो मोकळा होऊन सुधारायला हवा. नकाशा हातात नसताना दुर्बीण घातली आणि चित्रासाठी सोडलेलं औषध सगळ्या फांद्यांत शिरलं, पण नळी एकाच फांदीत बसली, तर उरलेल्या तुंबलेल्या फांद्यांत जंतू शिरतात आणि नसलेला ताप आपण होऊन ओढवून घेतो. कधी कधी दुर्बिणीऐवजी बरगड्यांमधून त्वचेतून नळी घालणं जास्त बरं असतं. हे सगळं चित्र बघूनच ठरतं. म्हणजे स्टेंट वाईट नाही, तो बहुधा लागेलही. फक्त त्याची पाळी चित्रांनंतर.

पुढचा प्रश्न पुराव्याचा. चित्र शंका पक्की करतं, पण पेशी दाखवत नाही. दुर्बीण नलिकेत नेऊन बारीक ब्रशने भिंत घासतात आणि त्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. इथे एक गोष्ट मनाशी घट्ट धरा. ब्रशमध्ये कॅन्सर सापडला तर तो आहे. सापडला नाही तर तो नाही, असं मुळीच नाही. तंतुमय भिंतीतून पेशी सुटतच नाहीत, आणि कॅन्सर असूनही निम्म्याच्या आसपास रुग्णांत ब्रश कोरा येतो. ‘निगेटिव्ह आलं’ म्हणून पेढे वाटून घरी गेलेली आणि चार महिन्यांनी परतलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. शंका उरली तर आता नलिकेच्या आत जाणारी बारीक दुर्बीणही मिळते. तिने भिंत प्रत्यक्ष बघून चिमट्याने तुकडा घेता येतो. ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे आणि महाग आहे, त्यामुळे ती सरसकट प्रत्येकाला लागते असं नाही.

दुर्बिणीची सोनोग्राफी म्हणजे तोंडावाटे जठर आणि लहान आतड्यापर्यंत नेलेली दुर्बीण, जिच्या टोकालाच सोनोग्राफीचं यंत्र असतं. पोटावरून बघताना मधे चरबी आणि आतड्यातली हवा येते. इथे यंत्र नलिकेच्या अगदी शेजारी जाऊन बसतं. नलिकेच्या खालच्या भागासाठी आणि आसपासच्या लसिका गाठींसाठी ती उत्तम. त्याच वेळी गाठींतून सुईने नमुनाही घेता येतो. मात्र संगमावरच्या मूळ अडथळ्यातच सुई घालायची म्हणत असतील, तर आधी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला विचारा. सुईच्या वाटेने पेशी सांडण्याचा धोका असतो, आणि यकृत बदलण्याचा विचार होऊ शकणाऱ्या रुग्णाची ती वाट त्यामुळे बंद होऊ शकते. काही वेळा चित्रं इतकी बोलकी असतात की नमुना न घेताच थेट शस्त्रक्रिया करायचं ठरतं. तसं कुणी सुचवलं तर ते निष्काळजीपणाचं समजू नका.

याची दुसरी बाजूही लिहिते, कारण ती आशेची आहे. आयजीजी-४ नावाच्या प्रथिनाशी संबंधित एक दाह असतो. तो मुख्यतः उतारवयातल्या पुरुषांत होतो, आणि पित्तनलिकेची भिंत अशीच जाड करून कावीळ आणतो. चित्रात तो कॅन्सरची हुबेहूब नक्कल करतो आणि स्टिरॉइडच्या गोळ्यांनी निवळतो. आप्पांना तोच असेल असं मी म्हणत नाही, कॅन्सरची शक्यता जास्त आहे. पण रक्तातली आयजीजी-४ ची तपासणी जरूर करून घ्या. सीए १९-९ ही तपासणीही सांगतील. कावीळ चढलेली असताना तो आकडा कॅन्सरशिवायही वाढतो, आणि काही लोकांच्या शरीरात तो पदार्थ मुळात बनतच नाही. तेव्हा तो एक आकडा बघून रात्रीची झोप घालवू नका, निचरा झाल्यावर पुन्हा करून बघतात.

मामांना माझा नमस्कार सांगा. खर्चाबद्दल विचारणारं घरात कुणीतरी हवंच. पण पेटमध्ये सगळं दिसतं हे खरं नाही. पेटमध्ये साखरेसारखा किरणोत्सारी पदार्थ देतात आणि शरीरात तो कुठे जास्त ओढला जातो ते बघतात. लांब पसरलेला आजार शोधायला ते चांगलं. भिंतीतून पातळ पसरलेला हा कॅन्सर मात्र त्यातून निसटू शकतो, आणि जंतूंनी सुजलेली नलिका किंवा नुकताच घातलेला स्टेंट कॅन्सरसारखा चमकू शकतो. म्हणून पेट करायचंच तर शस्त्रक्रिया शक्य दिसायला लागल्यावर, बाहेर कुठे पसरलंय का हे बघायला. पोटाच्या अस्तरावर पसरलेले साबुदाण्याएवढे कण तर कोणत्याच स्कॅनमध्ये खात्रीने दिसत नाहीत. त्यासाठी सर्जन कधी कधी मोठ्या शस्त्रक्रियेआधी पोटात दुर्बीण घालून बघतात.

मग आप्पांना नक्की काय काय लागेल? माझ्या मते आत्ता सीटी आणि एमआरसीपी दोन्ही नक्की. त्यांच्यानंतर निचरा, आणि जमलं तर त्याच बैठकीत ब्रश. बाकीच्या तपासण्यांचं या दोन चित्रांवर ठरू द्या. चित्रांतून शस्त्रक्रिया शक्य नाही असं स्पष्ट झालं तर पेट कदाचित लागणारही नाही, पण मग औषधोपचार सुरू करण्यासाठी पेशींचा पुरावा मात्र लागेलच. प्रत्येक वेळी डॉक्टरांना एवढंच विचारा, ‘या तपासणीच्या उत्तराने तुमचा पुढचा निर्णय बदलणार आहे का?’ चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत.

आणि जिथे जाल तिथे रिपोर्टचे कागद नेऊन भागणार नाही. सोनोग्राफी एकीकडे, सीटी दुसरीकडे, एमआरसीपी तिसरीकडे, आणि प्रत्येकाने आपापल्या खिडकीतून बघितलेलं, असं झालं की तपासण्या पाच होऊनही निदान अर्धवट राहतं. प्रत्येक सेंटरवरून मूळ चित्रांची सीडी मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. सीटी आणि एमआरसीपी शक्यतो एकाच जागी, एकाच आठवड्यात करा. मग यकृत-पित्तमार्गाचे सर्जन, दुर्बिणीचे डॉक्टर, कॅन्सरतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून केस बघतात असं ठिकाण गाठा. याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलमध्ये ही पद्धत आहे, पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांतही आहे. अशा बैठकीत मी सीटीतली जाड भिंत आणि एमआरसीपीतली तुटलेली फांदी शेजारी शेजारी लावते, दुर्बिणीवाले सांगतात की नळी नेमकी कुठे अडली, आणि सर्जन एखाद्या शिरेवर बोट ठेवून विचारतात, ‘ही मोकळी आहे ना?’ त्या दहा मिनिटांत जे ठरतं ते पाच वेगवेगळ्या रिपोर्टांतून ठरत नाही.

पैशांचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. दाखल होण्याआधीच रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा, कोणती तपासणी योजनेत बसते आणि कोणती खिशातून करावी लागेल ते लिहून घ्या. कर्ज काढायच्या आधी हे करा.

राहिली ताईंची गोष्ट. आप्पांना कळू देऊ नका, हे त्या मायेपोटी म्हणतात, पण मला ते पटत नाही. अजून निदान पक्कं नाही, त्यामुळे ‘कॅन्सर झालाय’ असं त्यांना आज सांगायचंच नाहीये. ‘पित्ताची वाट अडली आहे, कुठे आणि कशाने ते शोधायचंय’ एवढं खरं सांगायचं आहे. आणि हे समजून घ्यायला तुमच्या घरात आप्पांइतका लायक माणूस दुसरा नाही. आवर्तन सुटूनही टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नाही अशी तक्रार आली, की कालवा निरीक्षक काय करतो? चारीने उलटा वर चालत जातो, पाणी कुठपर्यंत तुंबलंय ते बघतो, आणि अडथळा गाळाचा आहे, दाराचा आहे की भराव खचलाय, हे कळल्याशिवाय फावडं घालू देत नाही. हेच त्यांना तुमच्या शब्दांत सांगा. एमआरसीपीच्या दिवशी चार-सहा तास उपाशी राहावं लागेल, काही ठिकाणी आधी अननसाचा रस प्यायला देतात, त्याने जठरातलं पाणी चित्रात लुडबुड करत नाही. पेसमेकर किंवा शरीरात कुठे धातूची पट्टी असेल तर आधी सांगा. बोगद्यात मोठा खडखडाट होतो आणि मधून मधून पंधरा-वीस सेकंद श्वास रोखून धरावा लागतो. श्वास सुटला की पांढऱ्या फांद्या पुसट होतात. तेव्हा आज संध्याकाळपासूनच त्यांना अंगणात बसवून घड्याळ लावा, आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर श्वास रोखून बघा.